नेझ्काने पुसलेली वाट

आमच्या खोऱ्यात नव्या शेजाऱ्याची चौकशी करताना तो डोंगरावर कसा चालतो, हे आधी विचारतात. बाकीचं नंतर. शहरातल्या नाटकमंडळीतून निवृत्त होऊन मी आईच्या गावी, पोद्लोगला, राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात बेकरीवाली मला म्हणाली, "तुमच्या भिंतीला भिंत लागून नेझ्का राव्निक राहते. तिच्याबरोबर डोंगर चढू नका हं."

"का? फार वेगात चढते?"

"वेगाचं काही नाही. ती चढताना गप्पा मारते, आणि तुम्हाला उत्तरं द्यावी लागतात."

मी अर्थातच तिच्याबरोबर चढलो आणि उत्तरं देता देता अर्धमेला झालो.

नेझ्का बुटकी, रुंद खांद्यांची बाई. कापडगिरणी बंद पडेपर्यंत मागावर कामाला होती, त्यामुळे यंत्रांच्या वरताण बोलायची सवय. आमच्या मंडळीत असा आवाज असता तर बाल्कनीतल्या प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नसती. तिच्या नखांच्या कडांना कायम लाल रंग असे. गिरणीतल्या जुन्या मैत्रिणी चिडवायच्या, "अगं, नेलपॉलिश मधोमध लावतात!" तो रंग खडकांवरचा होता. आमच्या गिर्यारोहण मंडळासाठी वाटांच्या खुणा रंगवायचं काम ती तरुणपणापासून करत आली. लाल कडं, आत पांढरा ठिपका. कधी खडकावर, कधी बीच वृक्षाच्या खोडावर. पाऊस आणि शेवाळ त्या खातात, म्हणून काही वर्षांनी पुन्हा रंगवाव्या लागतात. धुक्यात चार पावलांपुढचं दिसेनासं झालं आणि तेवढ्यात ते लाल कडं समोर आलं, की भल्याभल्यांचा जीव भांड्यात पडतो.

रंगमंचावर आमच्यासाठी अशाच खडूच्या फुल्या काढलेल्या असत. फुलीवर उभं राहिलं की उजेड बरोबर तोंडावर पडायचा. प्रेक्षकांना ती फुली दिसत नाही, पण ती चुकली तर राजासुद्धा अंधारात बोलतो. म्हणून मला नेझ्काचं काम फार जवळचं वाटे. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "शेजारी, तुमचा राजा अंधारात बोलला तर लोक हसतात. इथे हसत नाहीत."

खाली गावात मी तिचा 'शेजारी' आणि 'तुम्ही'. वरच्या कुरणाचं लाकडी फाटक ओलांडलं की मी 'ईवो' आणि 'तू'. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. एवढ्या उंचीवर डॉक्टर, पाद्री, गिरणीमालक सगळ्यांना अरे-तुरे. उतरताना त्याच फाटकाशी पुन्हा 'तुम्ही' सुरू होतं आणि कोणाला त्यात काही वाटत नाही.

आणखी एक रीत मात्र तिची स्वतःची होती. एकच डोंगर तीन तऱ्हांनी गाठल्याशिवाय तो आपल्या ओळखीचा झाला असं ती मानत नसे. पायी, सायकलवर, आणि हिवाळ्यात, चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडी चिकटवून.

"सायकलने काय वेगळं कळतं?" मी विचारलं होतं.

"तो किती लांब आहे ते कळतं. चालणारा सारखा थांबतो, झाडं बघतो, त्याला लांबी कळतच नाही."

"आणि स्कीवर?"

"स्कीवर तो दुसराच कोणीतरी असतो. उन्हाळ्यातली ओळख तेव्हा दाखवायची नाही."

हे ती इतक्या खात्रीने म्हणायची, आणि तरीही पुढे जे झालं ते ही गोष्ट विसरल्यामुळेच झालं.

आमच्या डोंगराचं नाव सिव्का. दक्षिणेकडून, कुरणावरून, सोपी वाट शिखराखालच्या खिंडीत जाते. उत्तरेकडून, गावाच्या अंगाने, उभा कडा आहे, आणि त्या कड्यातून खडकाची एक अरुंद पट्टी आडवी वर चढत जाते, तिला आम्ही फळी म्हणतो. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात नेझ्का आणि तिचा होणारा नवरा विन्को त्या फळीवरून जाणाऱ्या रानबकऱ्यांच्या मागे गेले होते. विन्को रेल्वेत सांधेवाला, हाताचा कुशल. बकऱ्या जिथे उड्या मारत तिथे त्याने लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा ओढल्या. तिने बुटक्या पाइनची झुडपं छाटली, खुणा रंगवल्या. दोन उन्हाळे त्यात गेले. मंडळाने नाव विचारलं तेव्हा विन्कोने सांगितलं, "लिहा, नेझ्काची वाट." नकाशावर आजही... म्हणजे परवापरवापर्यंत तसंच छापलेलं होतं. खोऱ्यात दुसऱ्या कुठल्याही जिवंत बाईचं नाव नकाशावर नव्हतं. नेझ्का हे बोलून दाखवत नसे, पण घरात आलेल्या पाहुण्याला नकाशा दाखवायची वेळ आली तर तिचा अंगठा नेमका कुठे टेकायचा, ते मी पाहिलं आहे.

ऑगस्टच्या अखेरीला एका वादळात वरचा कडा सुटला आणि फळीचा मधला तुकडा घेऊन खाली गेला. सुदैवाने वाटेवर कोणी नव्हतं. मंडळाची बैठक झाली. पुन्हा खुंट्या ठोकायला तिथे धड खडकच उरला नव्हता. वाट बंद करायची, खुणा पुसायच्या, असं ठरलं. आमच्या मंडळात खूण जो लावतो तोच ती पुसतो. दुसऱ्याने हात लावणं म्हणजे अपमान समजतात. सगळे नेझ्काकडे बघत होते. ती म्हणाली, "बघते."

ऑक्टोबरात तिने खालून सुरुवात केली. तारेच्या ब्रशने खुणा घासल्या, वर राखाडी रंग मारला. बीचच्या रानात 'वाट बंद' अशी पाटी ठोकली. जिथे फळी तुटली होती तिथवर सगळं साफ केलं. तुटलेल्या जागेपासून वर खिंडीपर्यंतचा तुकडा राहिला. त्यासाठी दक्षिणेकडून फिरून वर जावं लागणार होतं.

"आता बर्फ येईल," ती म्हणाली. "उन्हाळ्यात करीन. वरून कोण येतंय? लोक खालून येतात, खाली पाटी आहे."

बर्फ यायला अजून बराच अवकाश होता. त्या दिवसांत हवा काचेसारखी स्वच्छ होती, आणि नेझ्का सायकल घेऊन पलीकडच्या दोन खिंडी चढून आली. विन्को मात्र बोलला. कंबरेच्या दुखण्याने त्याचा डोंगर सुटला होता, तोंड मात्र शाबूत होतं.

"सगळे डोंगर फिरून झाले का गं? की एक राहिलाय?"

"तुला काय करायचंय? बस गप."

"बसूनच तर असतो. खिडकीतून सिव्का दिसतो. त्यावर तुझे वरचे ठिपके अजून आहेत."

"इथून तुला ठिपके दिसतात? चष्म्याशिवाय वर्तमानपत्र दिसत नाही!"

"दिसत नाहीत. पण आहेत ना?"

ती भांडी आपटत आत गेली. विन्को माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वाट आम्ही केली होती, शेजारी. डोंगर नव्हता केला. तिला हे पटत नाही."

एप्रिलमध्ये एका दुपारी नेझ्का मागच्या अंगणात घेवड्याचा वाफा खणत होती आणि मी कुंपणाशी उभा राहून तिला फुकटचे सल्ले देत होतो. बचावपथकाचं हेलिकॉप्टर छपरांवरून गेलं. तशी ती आमच्याकडे नेहमी जातात, कोणी मान वर करत नाही. नेझ्काने केली. ते सिव्काच्या उत्तर अंगाला गेलं आणि हवेत थांबलं. ती हेलिकॉप्टरकडे बघत नव्हती, ते कुठे थांबलंय ते बघत होती. मग तिने कुदळ नीट भिंतीला टेकवून ठेवली आणि वाफ्याच्या काठावर बसली. रंगभूमीवर मी खोट्या बातम्या ऐकून कोसळणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या. ही कोसळली नाही. एकच वाक्य बोलली.

"वरून कोणीतरी आलं."

कोणाला काय झालं, हे संध्याकाळपर्यंत कळलं. तेया नावाची, राजधानीतली एक औषधविक्रेती. एकटीच दक्षिणेकडून स्कीवर चढली होती. खिंडीत पोचेपर्यंत ऊन तापलं, दक्षिणेचा बर्फ ओला आणि जड झाला, सुटायच्या बेतात आला. त्यावर उतरणं धोक्याचं, हे तिने बरोबर ओळखलं. उत्तरेकडे वाऱ्याने खडक उघडे पाडले होते आणि खडकांवर लाल कडी, आत पांढरे ठिपके. तिने स्की पाठीला बांधली आणि खुणांमागे चालत उतरू लागली. फळी जिथे संपली तिथे तिने वळायचा प्रयत्न केला, पाठीवरच्या स्कीचं टोक कड्याला लागलं, आणि ती दोन पुरुष खाली, खडकाच्या एका टप्प्यावर पडली. मनगट मोडलं. आणखी हातभर पलीकडे पडती तर मोडायला काही उरलं नसतं.

उन्हाळी खुणा, हिवाळी माणूस. ज्या बाईने सिव्काच्या तिन्ही तऱ्हा आम्हाला शिकवल्या, तिने वाट पुसताना फक्त पायी, खालून येणाऱ्याचाच विचार केला होता.

मे महिन्यात तेया आमच्या गावात आली. हात अजून पट्टीत, दुसऱ्या हातात अक्रोड भरलेल्या गोड पावाचा मोठा रोल. बचावपथकातल्या पोरांचे आभार मानायचे होते. मंडळाच्या खोलीत सगळे जमले, रोल कापला, ब्लूबेरीच्या दारूचे छोटे पेले फिरले. नेझ्का कोपऱ्यात माझ्याशेजारी बसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होती.

तेया चाळिशीची, मोकळी बाई. हसून सांगत होती, "मी एवढी वर्षं डोंगरात जाते, पण इतक्या सुंदर खुणा कुठे पाहिल्या नव्हत्या. त्या लाल कड्यांची गोलाई बघा, ठिपका बरोबर मधोमध! आणि अगदी ताज्या. मी म्हटलं, ज्या वाटेची कोणी एवढी काळजी घेतंय, ती वाट चांगलीच असणार."

पथकाच्या प्रमुखाने घाईघाईने विचारलं, "आणखी थोडी घेणार?"

"त्या मी रंगवल्यात," नेझ्का म्हणाली. गिरणीचा तो आवाज खोलीत मावेना. "आणि ऑक्टोबरात पुसायच्या होत्या. सगळ्यांनी सांगितलं होतं. नवऱ्याने सांगितलं होतं. मी पुसल्या नाहीत."

"बर्फ लवकर आला असेल," तेया म्हणाली.

"नाही. बर्फ उशिरा आला."

तेयाने हातातला पेला खाली ठेवला. तिने नेझ्काकडे बघितलं. रागाने बघते आहे की काय, मला कळेना. मग म्हणाली, "का नाही पुसल्यात?"

"त्या वाटेला नाव होतं माझं."

या उत्तरानंतर माफीचं लांबलचक भाषण यायला हवं होतं. आमच्या नाटकांत आलं असतं, दोन पानांचं, मागे व्हायोलिन. नेझ्का पुढे काही बोलली नाही. तेयाही "असू द्या" म्हणाली नाही, आणि ती म्हणाली नाही हे मला आवडलं. ती म्हणाली, "कधी पुसणार आहात?"

"खिंडीतला बर्फ गेला की."

"मला कळवा. मी येणार."

"कशाला?"

"तुम्ही खालून बघता. मी वरून आले होते."

त्यानंतरचे दिवस विन्कोचे होते. खालच्या खुणांवर मारलेला राखाडी रंग मंडळातल्या डब्यातला होता आणि लांबूनही डाग दिसायचा. विन्कोने हट्टाने खिंडीतला एक दगड आणवला, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि बशांमधून रंग कालवत बसला.

"हा खडक राखाडी नाहीच गं. काविळीतून उठलेल्या माणसासारखा आहे. थोडा पिवळा घालायला हवा."

"माझ्या सूपाच्या बशा आहेत त्या!"

"धुवून देतो. आणि थोडा काळा. शेजारी, तुमच्याकडे खडक रंगवायचे ना? या, बघा जरा."

मी बघितलं. "विन्को, आमच्या नाटकातला खडक याहून खरा दिसायचा."

"तुमच्या खडकावर कोणी मरत नव्हतं," तो म्हणाला, आणि पुन्हा कालवायला लागला.

जूनमध्ये आम्ही तिघं निघालो. कुरणापर्यंत सायकलने. नेझ्काच्या पिशवीत ब्रश, माझ्या पिशवीत रंगाचे डबे, कारण माझ्या सायकलला बॅटरी होती आणि त्याबद्दल सबंध घाटभर मला ऐकून घ्यावं लागलं. "ईवोला ढकलू नका गं, तो विजेवर चालतो, शॉक बसेल!" फाटक अजून लांब होतं, तरी तिने मला ईवो म्हटलं. तिला घाई झाली होती. तेया हसली. दोघींमध्ये अजून फारसं बोलणं नव्हतं. फाटकाशी सायकली टेकवल्या आणि तिथून पुढे त्या दोघी एकमेकींना अरे-तुरे करू लागल्या, कारण तिथे तेच करतात.

खिंडीत वाऱ्याला गवताचा वास होता. नेझ्का दोराला बांधून घेऊन फळीवर उतरली, तुटलेल्या जागेपर्यंत गेली आणि तिथून वर येत एकेक खूण घासू लागली. दोर तेयाने धरला होता, कमरेभोवती घेऊन, बऱ्या हाताने आणि नुकत्या बऱ्या झालेल्या हाताने. मी डबे पुढे करत होतो. नेझ्का प्रत्येक खुणेसमोर क्षणभर थांबे. आधी पांढरा ठिपका घासायची, मग लाल. लाल जात नसे. खडकाच्या चिरांत मुरलेला, वर्षावर्षांचे थर. शेवटी विन्कोचा रंग त्यावर बसला की खडक पुन्हा खडक व्हायचा. म्हातारा जिंकला होता.

दुपारी सगळं झालं. नेझ्का गवतात पाय पसरून बसली. "तेया, जा. शिखरावर जा आणि तिथून उतर. तुला खाली जायचंय, घाई आहे, दक्षिणेला बर्फ सुटलाय असं समज. कुठे जाशील?"

तेया वर गेली, वळली, उतरत आली. खिंडीत थांबली. आजूबाजूला बघितलं. आणि सरळ उत्तरेच्या फळीकडे निघाली.

नेझ्का ताडकन उठली. "थांब! का? तिकडे का?"

"इथे लोक चालत आलेत," तेया म्हणाली. "बघ ना. गवत दबलंय, दगड गुळगुळीत झालेत. खूण नाही, पण पाय आहेत."

खरंच होतं. इतक्या वर्षांच्या माणसांनी झिजवलेली एक फिकट रेघ खिंडीतून फळीच्या तोंडापर्यंत गेली होती. जवळून दिसत नव्हती, उंचावरून स्वच्छ दिसत होती. नेझ्का त्या रेघेकडे बघत राहिली. तिने आणि विन्कोने रंगवलेलं आम्ही पुसलं होतं. हे मात्र सगळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांनी मिळून केलं होतं, आणि मला वाटतं, तिला त्या दिवशी सगळ्यात जड हेच गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लाल नखांच्या बोटांनी पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "दगड आणा."

आम्ही दगड आणले. मोठे नाही, इकडेतिकडे पडलेले असतात तसे, आणि ठेवलेले वाटू नयेत असे टाकले. नेझ्काने बुटक्या पाइनच्या सुकलेल्या फांद्या फळीच्या तोंडात अडकवल्या, मग काढल्या, कारण त्या लावल्यासारख्या दिसत होत्या, मग पुन्हा वेड्यावाकड्या अडकवल्या. झिजलेल्या जागी तिने शेजारचं गवत मुळांसकट आणून दाबून बसवलं. तिला पाठमोरी बघताना वाटत होतं, एखादी बाई मुलाचं अंथरूण घालते आहे. मी हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दगड माझ्या डोक्यात बसला असता.

मग तेया पुन्हा वर गेली.

या वेळी ती खिंडीत थांबली तेव्हा बराच वेळ थांबली. उत्तरेकडे बघितलं. तिथे खडक होते, झुडपं होती, हवा होती. नेझ्का माझ्याशेजारी उभी होती. तेयाने मान फिरवली, दक्षिणेच्या वाटेवरचं लाल कडं तिला दिसलं, आणि ती तिकडे चालू लागली.

"कशी होती?" नेझ्काने तिला हाक मारून विचारलं.

"काय कशी होती?"

"माझी वाट."

तेया थांबली. ती फळी तिला तोंडपाठ असायला हवी होती, तिथेच तिचा हात मोडला होता. तिने पुन्हा उत्तरेकडे नजर टाकली, डावीकडून उजवीकडे, खरोखर शोधत.

"नेझ्का," ती म्हणाली, "मला सापडत नाही."

नेझ्काने मान हलवली. मग ती खाली उतरून तेयापाशी गेली आणि तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला, शिखरावर पोचलेल्या माणसाचा हलवतात तसा. तेया ओरडली, "अगं, मनगट!" आणि दोघी हसायला लागल्या.

घरी पोचलो तेव्हा विन्को दारातच खुर्ची टाकून बसला होता.

"झालं?"

"झालं."

"रंग?"

"रंग चांगला होता. पिवळा हवाच होता."

"मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. मग विचारलं, "सगळ्या पुसल्यास?"

"सगळ्या. मलासुद्धा आता तिथून उतरता येणार नाही."

विन्कोने तिच्या हातातली ब्रशांची पिशवी घेतली आणि ते धुवायला नळाकडे लंगडत निघाला. इतक्या वर्षांत तिचे ब्रश तिने दुसऱ्या कोणाला धुवू दिले नव्हते. आज दिले. ती दाराच्या पायरीवर बसून बूट सोडू लागली, आणि नळाचं पाणी आधी राखाडी, मग तांबूस, मग स्वच्छ येईपर्यंत तिकडे बघत राहिली.

अशा वेळी तिसऱ्या पात्राचं रंगमंचावर काही काम नसतं. मी माझी विजेची सायकल उचलली आणि घरी आलो.